हिरडीखालचं हाड नक्की कोण खातं?

ओसरी | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. आईबद्दल लिहितेय.

आई ५८ वर्षांची, सांगलीजवळच्या गावात राहते. ११ वर्षांपासून मधुमेह आहे. दिवाळीत घरी गेले तेव्हा ती भाकरी आमटीत कुस्करून खाताना दिसली. ही बाई कडक पापुद्र्याची भाकरी हवी म्हणून पहिली भाकरी निखाऱ्यावर जरा जास्त ठेवणारी. खोदून विचारलं तेव्हा कळलं, खालचा पुढचा एक दात हलतोय. बोटाने दाबून दाखवला तर चक्क मागेपुढे झाला. दुखत मात्र अजिबात नव्हता. 'ब्रश करताना दोनेक वर्षं रक्त येतंय, उष्णता असेल म्हणून सोडून दिलं,' म्हणाली.

एका दवाखान्यात नेलं. तिथे बाहेर बसलेल्या पेशंटना ऐकू जाईल अशा आवाजात तिला विचारलं, 'दात घासता की नाही?' आई दिवसातून दोनदा दात घासते. आम्हा भावंडांना रात्री झोपेतून उठवून दात घासायला लावणारी आई ती. ती काहीच बोलली नाही, पण परतताना एसटीत सगळा वेळ तोंडावर पदर धरून बसली होती. मला ते अजून विसरता येत नाही.

मग हिरड्यांच्या वेगळ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे दाखवला आणि म्हणाले, 'हाड खाली गेलंय. आणि हे नुकसान जंतूंपेक्षा तुमच्या स्वतःच्या पेशींनी जास्त केलंय.' हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात ना? मग त्याच दाताखालचं हाड खातात? आणि तसं असेल तर आई करोनापासून रोज प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा पितेय, तो बंद करायचा का?

इथे या विषयातलं कुणी असेल तर नीट समजावून सांगाल का?

हिरवा_चाफा | सोमवार, रात्री ११.५५

ओसरीताई, मी हिरड्यांचंच काम करते, १९ वर्षं झाली. तुमच्या आईंना जे बोललं गेलं ते वाचून वाईट वाटलं. तो प्रश्न एकांतात आणि नीट विचारता येतो. असो, सविस्तर लिहिते.

आधी दात बसतो कसा ते बघा. मूळ थेट हाडाला चिकटलेलं नसतं. मूळ आणि हाड यांच्यात साधारण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी फट असते आणि तिच्यात कोलॅजेन या प्रथिनाचे धागे आडवेतिरके ताणून बांधलेले असतात. जुन्या बाजेला सुंभ विणलेला असतो ना, तसा दात त्या विणीत टांगलेला असतो. घास चावताना दाब पडला की वीण किंचित दबते, पुन्हा ताणली जाते. वरच्या बाजूला हिरडीही असल्याच धाग्यांनी दाताच्या मानेला धरून असते.

आता या मानेशी जंतूंचा चिकट थर बसतो. काही जंतू हिरडीत शिरतातही, पण बहुतेक सगळे दाताच्या पृष्ठभागालाच चिकटून बसलेले असतात. त्यांची द्रव्यं आत झिरपतात आणि हिरडीला वर्दी मिळते. सगळ्यात आधी न्यूट्रोफिल येतात. रक्ताच्या सीबीसी रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींच्या प्रकारांत पहिलं नाव असतं त्याच या पेशी. रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात, हिरडीतून वाट काढत दात-हिरडीच्या फटीत उतरतात आणि जंतूंच्या थरासमोर भिंत करून उभ्या राहतात. एकटादुकटा जंतू त्या गिळून टाकतात. पण तो थर चिवट असतो, आकाराने पेशीच्या कैक पट मोठा. तो गिळता येत नाही. मग न्यूट्रोफिल आपल्या पोटातल्या पुरचुंड्या बाहेरच रिकाम्या करतात. त्यांत कोलॅजिनेज, इलास्टेज अशी प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात, शिवाय ऑक्सिजनची जहाल रूपं सुटतात. काही पेशी तर मरताना स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात. हे २००४ मध्ये बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. या द्रव्यांना जंतू कोणता आणि आपली वीण कोणती हे कळत नाही. कोलॅजिनेज समोर आलेला कोलॅजेनचा धागा कापतं. बाजेचा सुंभ एकेक पदर करून तुटायला लागतो.

एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. प्राण्यांच्या शरीरातलं कोलॅजिनेज पहिल्यांदा सापडलं ते १९६२ मध्ये, बेडकाच्या पिल्लात. शेपटी असलेल्या पिल्लाचा बेडूक होताना ती शेपटी जाते कुठे, याचा शोध घेताना जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना ते मिळालं. शेपटी गळून पडत नाही, आतल्या आत विरघळते. त्याच कुळातलं विकर तुमच्या आईंच्या हिरडीत आज काम करतंय. शेपटी विरघळवणं ठरलेल्या वेळी सुरू होतं आणि थांबतं. हिरडीत ते थांबत नाही, सगळं दुखणं तिथे आहे.

न्यूट्रोफिलच्या मागून मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पांढऱ्या पेशी येतात. ते इंटरल्युकिन-१, टीएनएफ, प्रोस्टाग्लँडिन असे निरोप सोडतात. हे निरोप ऐकून हिरडीच्या स्वतःच्या पेशी, ज्यांचं काम कोलॅजेन विणायचं, त्याही कोलॅजिनेज बनवू लागतात. विणकरीणच वीण उसवायला बसते. त्यानंतर टी पेशी आणि बी पेशी, त्याही पांढऱ्या पेशींचेच प्रकार. जुन्या, मुरलेल्या आजारात हिरडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बी पेशींपासून झालेल्या प्लाझ्मा पेशींची नुसती दाटी दिसते.

आणि हाड? टी आणि बी पेशी रँकल नावाचं प्रथिन तयार करतात. ते मिळालं की मॅक्रोफेजच्याच घराण्यातल्या पेशी एकमेकींत मिसळून मोठी, अनेक केंद्रकांची ऑस्टिओक्लास्ट पेशी होते. ती हाडाला घट्ट चिकटते, खाली आम्ल सोडते आणि हाड विरघळवते. ऑस्टिओक्लास्ट आपल्या सगळ्यांच्या अंगात रोजच काम करतात. जुनं हाड काढायचं, मागून दुसऱ्या पेशींनी नवं भरायचं, असा तो हिशोब. सुजलेल्या हिरडीखाली काढणं वाढतं आणि भरणं मागे पडतं.

तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे. हाड खाणारी पेशी आईंची स्वतःची. तिला बोलावणं धाडणाऱ्या पेशीही त्यांच्याच. पण तिथे बसून राहिलेला जंतूंचा थर नसता तर हे बोलावणं गेलंच नसतं, हेही तितकंच खरं.

कातरवेळ | मंगळवार, सकाळी ७.२०

छान लिहिलंय. पण शंका आहे. जंतू जास्त तर रोग जास्त, हे सरळ गणित का नाही? पेशींवर खापर फोडायला पुरावा काय?

लॅबवाली | मंगळवार, दुपारी १.०५

माझी यात भर. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्ताची स्लाइड लीशमन रंगाने रंगवली की न्यूट्रोफिल लांबूनही ओळखू येतात. फिकट गुलाबी अंग, त्यात बारीक कण आणि मधोमध जांभळं केंद्रक, तीन-चार मणी दोऱ्यात ओवल्यासारखं. ते बारीक कण म्हणजेच डॉक्टरांनी लिहिलेल्या पुरचुंड्या.

एकदा आमच्याकडे सुजलेल्या हिरडीच्या फटीतला नमुना आला होता. मी रक्ताच्या स्लाइडवर ज्या पेशी बघते त्याच, पण अवस्था फार वेगळी. कितीतरी पेशींतले कण संपून अंग रिकामं दिसत होतं. काहींची केंद्रकं फुटून धाग्यांसारखी पसरलेली, आणि त्यांच्या आजूबाजूला जंतूंचे पुंजके. रिपोर्टमध्ये मी 'पस सेल्स' असंच लिहिते, त्याला दुसरा शब्द नाही. पण त्या दिवशी जरा वेळ मी भिंगावरून डोळा काढला नाही.

निरोगी तोंडातही हिरडीच्या फटींमधून मिनिटाला सुमारे ३०,००० पांढऱ्या पेशी तोंडात येतात, असं आम्हाला शिकवलं होतं. म्हणजे ही चौकी कायमच उघडी असते.

हिरवा_चाफा | मंगळवार, रात्री ९.३०

लॅबवाली, फार छान. हे वर्णन मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार.

कातरवेळ, रास्त शंका. मीही शिकत असताना हेच विचारलं होतं. दोन अभ्यास सांगते, दोन्हींत हराल्ड ल्यो या हिरड्यांच्या संशोधकाचं नाव आहे.

पहिला डेन्मार्कमधल्या ऑर्हुसचा, १९६५. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी, बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी, दात घासणं पूर्ण बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात सूज गेली. थर बसला की सूज येते आणि काढला की जाते, हे त्यातून कायमचं सिद्ध झालं. इथवर तुमचं गणित बरोबर.

दुसरा अभ्यास श्रीलंकेतला. चहाच्या मळ्यांतले ४८० तमिळ मजूर, सगळे पुरुष. १९७० मध्ये पहिली तपासणी, १९८५ मध्ये शेवटची. ही माणसं ब्रश वापरत नव्हती, दंतवैद्य त्यांच्यापर्यंत पोचलेला नव्हता. प्रत्येकाच्या दातांवर थर, प्रत्येकाच्या दातांवर किटण, प्रत्येकाची हिरडी सुजलेली. तुमच्या गणिताने सगळ्यांचं हाड सारखंच जायला हवं होतं. झालं काय? साधारण ८ टक्के लोकांचं हाड झपाट्याने गेलं, आणि त्यांचे दात पंचेचाळिशीपर्यंत जवळजवळ सगळे पडले. ८१ टक्क्यांचं हळूहळू गेलं. आणि ११ टक्के असे होते की सुजलेल्या हिरडीपलीकडे त्यांचा आजार पुढे सरकलाच नाही.

हा अभ्यास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पेशंटकडे बघायची माझी नजर बदलली. एकाच मळ्यात राहणारी, एकच काम करणारी माणसं, सगळ्यांच्या तोंडात तसाच थर. तरी एकाचे दात चाळिशीत गळतात आणि शेजारच्याचे शाबूत राहतात. फरक त्या थराला शरीर कसं उत्तर देतं यात आहे. जंतूंचे प्रकार थोडे वेगळे असतील, तंबाखू असेल, पण मोठा वाटा या उत्तराचा. प्रयोगशाळेतही हेच दिसलं: ज्या उंदरांत टी आणि बी पेशी नव्हत्या, त्यांच्या तोंडात हिरडीचे जंतू घातले तेव्हा त्यांचं हाड इतर उंदरांपेक्षा कमी गेलं.

म्हणून ओसरीताई, 'दात घासत नाही का' हा प्रश्न अर्धा आहे. दोनदा घासूनही आजार होतो, कारण ब्रशचे केस हिरडीखाली ४-५ मिलिमीटर पोचत नाहीत, आणि कारण काहींच्या पेशी त्याच थराला फार मोठं उत्तर देतात.

पाटीपेन्सिल | बुधवार, सायंकाळी ६.१५

जीवशास्त्र शिकवतो. इथे एक कोडं मांडायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की न्यूट्रोफिल नसते तर बरं झालं असतं.

काही मुलं जन्मतः अशी असतात की त्यांचे न्यूट्रोफिल रक्तातून बाहेरच पडू शकत नाहीत. भिंतीला धरायला पेशीवर एक पकड लागते, ती जनुकातल्या दोषामुळे नीट बनत नाही. आजाराचं नाव ल्यूकोसाइट अधेजन डेफिशियन्सी. रक्तात या पेशी भरपूर, हिरडीत जवळपास शून्य. वरच्या तर्काने या मुलांची हिरडी सुरक्षित हवी. प्रत्यक्षात लहानपणीच त्यांच्या दातांचं हाड जातं, दात पडतात.

बरीच वर्षं समजूत अशी होती की पहारा नाही म्हणून जंतू माजतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत निकी मुत्सोपुलोस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वेगळंच दाखवलं. या मुलांच्या हिरडीत इंटरल्युकिन-१७ हा निरोप प्रचंड वाढलेला होता. कारण असं: न्यूट्रोफिल हिरडीत येतात, काम करतात, मरतात, आणि मॅक्रोफेज त्यांना उचलून नेतात. हे उचलणं हीच 'पुरे झालं' अशी खूण असते. न्यूट्रोफिल आलेच नाहीत तर ती खूण पटत नाही, आणि शरीर 'अजून माणसं पाठवा' असं ओरडतच राहतं. त्या ओरडण्यानेच हाड जातं. २०१७ मध्ये अशा एका रुग्णाला सोरायसिससाठी वापरतात ते उस्टेकिनुमॅब दिलं, जे या निरोपाची साखळी वरच तोडतं. हिरडीची सूज उतरली.

या पेशी हव्याच आहेत. त्या योग्य संख्येने याव्यात आणि वेळेवर परत जाव्यात. नेहमीच्या हिरडीच्या आजारातही इंटरल्युकिन-१७ बनवणाऱ्या टी पेशी वाढलेल्या सापडतात, म्हणून हे दुर्मीळ आजाराचं उदाहरण आपल्या कामाचं.

कातरवेळ | बुधवार, रात्री ८.४५

पटलं. मळ्यातल्या मजुरांचं उदाहरण डोक्यातून जात नाहीये. वाचनखूण साठवली.

ओसरी | बुधवार, रात्री १०.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला फोनवर बेडकाच्या पिल्लाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, 'म्हणजे मी घाणेरडी नव्हते.' मला रडू आलं.

आता दोन प्रश्न. प्रतिकारशक्ती कमी करायचं औषध देतात का? आणि साखरेचा यात संबंध किती?

हिरवा_चाफा | गुरुवार, सकाळी ६.५०

आईंना माझा नमस्कार सांगा.

सरसकट प्रतिकारशक्ती दाबणं या आजाराचा उपाय नाही. तसं केलं तर इतर जंतूंना रान मोकळं. पण एक विचार फार सुंदर आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूकमध्ये लॉर्न गोलुब यांनी १९८३ मध्ये दाखवलं की टेट्रासायक्लिन गटातली औषधं कोलॅजिनेजला अडवतात. जंतूच नसलेल्या उंदरांतही अडवतात, म्हणजे हा गुण जंतू मारण्यापेक्षा वेगळा. त्यातून डॉक्सिसायक्लिनचा २० मिलिग्रॅमचा अगदी लहान डोस आला. त्याने जंतू मरत नाहीत, फक्त सुंभ कापणारी कात्री बोथट होते. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते सफाईला जोड म्हणून आणि ठरावीक पेशंटनाच देतात. कृपया कुणी मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका.

मुख्य उपाय जुनाच: हिरडीखालचा थर आणि किटण काढणं. पेशींना गप्प करायचा खात्रीचा रस्ता म्हणजे त्यांच्या समोरचं कारण उचलून नेणं.

काढ्याबद्दल: त्याने हे हाड गेलेलं नाही, तो मनावरचा भार उतरवा. फक्त त्यात गूळ किंवा मध घालत असतील तर मधुमेहात तो मोजा.

साखरेचा संबंध दोन्हीकडून आहे. रक्तात साखर सतत जास्त असली की ती प्रथिनांना चिकटते, आणि अशी प्रथिनं पाहून मॅक्रोफेज आणखी चिडतात. न्यूट्रोफिल नीट मारत नाहीत आणि लवकर मरतही नाहीत, रेंगाळतात. उलट दिशेने, हिरडीतली जुनी सूज इन्सुलिनचं काम बिघडवते. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात हिरड्यांच्या उपचारानंतर ३-४ महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर सांगणारा रक्ताचा आकडा) सरासरी ०.४३ ने उतरलेलं दिसलं. आकडा लहान वाटतो, पण नवी गोळी न वाढवता मिळालेला आहे.

रानजाई | गुरुवार, दुपारी ३.३०

माझी आजी सोलापूरकडची, आयुष्यभर मिश्री लावली. तिच्या हिरडीतून कधी रक्त आलं नाही, म्हणून घरात सगळे म्हणायचे मिश्रीने हिरड्या टणक होतात. साठीच्या आत तोंड बोळकं झालं होतं. हे कसं?

हिरवा_चाफा | गुरुवार, रात्री १०.२०

रानजाई, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून रक्त कमी येतं. रक्त येणं ही धोक्याची घंटा होती, तिचा आवाजच बंद झाला. आत हाड जात राहतं. शिवाय तंबाखूने न्यूट्रोफिलची जंतू पकडायची ताकद घटते आणि कोलॅजिनेज, इलास्टेज सोडणं मात्र वाढतं. आजींच्या पिढीला हे कुणी सांगितलंच नाही.

मिश्री, तंबाखू, सिगारेट सोडल्यावर सुरुवातीला काहींच्या हिरड्यांतून रक्त यायला लागतं. घाबरून परत सुरू करू नका. घंटा परत वाजायला लागली एवढाच त्याचा अर्थ, आणि तेव्हाच दाखवायला जायचं.

कातरवेळ | शुक्रवार, सकाळी ९.००

सफाई केली की दात सैल होतात, फटी पडतात असं म्हणतात, त्याबद्दलही सांगा.

हिरवा_चाफा | शुक्रवार, दुपारी २.१५

फटी हाड गेल्यामुळे आधीच झालेल्या असतात. त्यांत किटण भरलेलं असतं आणि वरून सुजलेली हिरडी झाकण घालते. किटण निघालं, सूज उतरली की फट दिसते. थोडे दिवस झिणझिण्या येतात, सैलपणा जाणवतो. नंतर हिरडी घट्ट बसते.

ओसरी | शनिवार, रात्री ९.४० (तीन महिन्यांनंतर)

धागा वर काढतेय. आईची खोल सफाई चार बैठकांत झाली. खालचे पुढचे दात मागून बारीक तारेने एकमेकांना बांधलेत. आज पुन्हा मोजणी होती. डॉक्टरांकडे एक बोथट टोकाची सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा. ती हिरडीच्या फटीत अलगद घालतात आणि आकडे सांगतात, सहायक लिहून घेते. तीनपर्यंत निरोगी. पहिल्या वेळी 'सहा, सात, पाच, सात' असं चाललं होतं आणि प्रत्येक आकड्यामागे 'रक्त'. आज मी खुर्चीशेजारी उभी होते. 'तीन, तीन, चार, तीन, चार.' रक्त मोजक्या जागी. दोन ठिकाणी अजून पाच आहे, तिथे ते पुन्हा आतून साफ करणार आहेत. गेलेलं हाड परत आलेलं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. एचबीए१सी ८.१ वरून ७.६ वर आलंय. डॉक्टर म्हणाले त्यात चालण्याचाही वाटा असणार.

एक विचारायचं राहिलं. धाकटा भाऊ ३४ चा आहे. त्याला काहीच त्रास नाही, फक्त सफरचंद खाताना त्यावर कधीतरी रक्ताचा डाग दिसतो.

हिरवा_चाफा | शनिवार, रात्री ११.०५

ताई, आकडे वाचून फार आनंद झाला. दर तीन महिन्यांची फेरी चुकवू नका; थर परत बसला की त्याच पेशी परत येतात.

भावाला याच महिन्यात दाखवा, आणि फक्त दात बघून सोडलं तर सळईने मोजणी करायला सांगा. आईच्या पेशी जसं उत्तर देतात तसं मुलांच्या पेशीही देण्याची शक्यता असते.

ओसरी | रविवार, सकाळी ८.१०

येत्या शनिवारची वेळ घेतलीय. आई स्वतः सोबत जाणार म्हणतेय.